धम्मसंगीतीत प्रश्न होते, हारतुरे नव्हते

थंडी पडू लागली की खानदेशात धम्म परिषदांचे फलक लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, कधी एखाद्या मोठ्या गावी मंडप पडतो. पंचशील ध्वज फडकतो, भंतेजी येतात, त्रिसरण-पंचशील होते आणि मग सुरू होतात सत्कार. स्वागताध्यक्षांचा सत्कार, उद्घाटकांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, देणगीदारांच्या पाहुण्यांचा सत्कार. दुपार कलते, लोक जेवायला उठतात आणि धम्मावर बोलायला लांबून आलेल्या अभ्यासकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे उरतात. श्रोत्यांनी प्रश्न विचारायचा तर वेळच नसतो. भाषणात मात्र प्रत्येक वक्ता राजगृहाच्या पहिल्या संगीतीचा वारसा सांगून खाली बसतो.

हा वारसा नेमका कशाचा आहे, हे आम्ही कधी तपासून पाहिले आहे काय? राजगृहाला काय झाले, वैशालीला भांडण कशावरून पेटले, पाटलिपुत्राहून धम्मदूत कोणत्या दिशांना गेले, याचा वृत्तांत पाली विनयात आणि सिंहली इतिहासग्रंथांत आहे. तो वाचला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. संगीती म्हणजे सर्वांनी एकत्र बसून म्हणणे, आणि म्हणण्याआधी विचारणे. या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की, ही पद्धत मोठ्या शहरांपुरती आणि मोठ्या मंडपांपुरती नव्हती. आमच्या नंदुरबारसारख्या टोकाच्या, विखुरलेल्या मुलखाचा विचार खुद्द तथागतांनी करून ठेवला आहे.

राजगृह : न्हाव्याच्या मुलाला विचारलेले प्रश्न

पहिल्या संगीतीचे कारण एका वाक्यात दडलेले आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली तेव्हा म्हातारपणी भिक्खू झालेला सुभद्द म्हणाला की, बरे झाले, आता हे करा आणि ते करू नका असे सांगणारा कोणी उरला नाही. महाकस्सपांनी हे ऐकले आणि ओळखले की, शास्ता गेल्यावर पहिला धोका बाहेरच्या शत्रूचा नसतो. आतल्या सोयीचा असतो. म्हणून वर्षावासात राजगृहाला पाचशे भिक्खू जमले.

तिथे झाले काय? महाकस्सपांनी भाषण ठोकले नाही. त्यांनी संघाची परवानगी घेऊन प्रश्न विचारले. पहिली पाराजिका कुठे सांगितली गेली? कोणाच्या संदर्भात? कोणत्या प्रसंगी? उत्तर आले : वैशालीला, सुदिन्नाच्या संदर्भात. प्रत्येक नियमाचे गाव, माणूस आणि प्रसंग विचारला गेला. उत्तर देणारा होता उपाली. शाक्यांचा न्हावी! ज्या शाक्य राजपुत्रांबरोबर तो आला, त्यांनीच आपला कुलाभिमान मोडावा म्हणून त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली होती. त्या उपालीला अख्ख्या संघाने विनयाचा अधिकारी मानले. वेदाचा शब्द ज्यांच्या कानावर पडू नये असा दंडक पुढे या देशात झाला, त्याच देशात एका कारागीर जातीच्या माणसाच्या तोंडून निघालेला शब्द पाचशे जणांनी प्रमाण मानून म्हटला. नंतर आनंदांना धम्माबद्दल असेच विचारले गेले. ब्रह्मजाल सुत्त कुठे सांगितले? राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान, अंबलट्ठिकेत. असे एकेक करून सुत्ते पक्की झाली.

या वृत्तांतात अडचणीच्या गोष्टीही लपवलेल्या नाहीत, आणि म्हणून तो आम्हाला विश्वासार्ह वाटतो. आनंदांवर ठपका ठेवला गेला की, क्षुल्लक नियम मोडीत काढले तरी चालतील असे तथागत म्हणाले तेव्हा ते कोणते, हे तुम्ही विचारून का घेतले नाही? म्हणजे प्रश्न न विचारणे हा दोष ठरला. दुसरा ठपका असा की, स्त्रियांना संघात घ्यावे म्हणून तुम्ही खटपट का केली? आनंदांनी उत्तर दिले की, यात मला दोष दिसत नाही, पण तुमच्याबद्दलच्या श्रद्धेपोटी मी तो कबूल करतो. आज वाचतानाही हे उत्तर टोचते. त्या पाचशेंत एकही भिक्खुणी नव्हती. ज्या थेरींच्या गाथा आज जग वाचते, त्यांना त्या सभेत आसन नव्हते. पहिल्या संगीतीचा गौरव करताना ही उणीवही आम्ही सांगितली पाहिजे.

तिसरी गोष्ट पुराण नावाच्या थेराची. दक्षिणगिरीहून तो उशिरा आला. थेरांनी त्याला सांगितले की, आम्ही धम्म आणि विनय संगायन करून ठेवला आहे, तू तो मान्य कर. तो म्हणाला, तुम्ही उत्तम केले, पण मी स्वतः भगवंतांच्या तोंडून जसे ऐकले तसेच धारण करीन. त्याला कोणी संघाबाहेर काढले नाही. त्याचे वेगळे मत ज्या ग्रंथात पहिल्या संगीतीचा अहवाल आहे, त्याच ग्रंथात नोंदले गेले. आमच्या बैठकांच्या इतिवृत्तात विरोधी मत नोंदले जाते काय?

बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलेली गोष्ट

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा उल्लेख केला होता. लोकशाही या देशाला परकी नाही, हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो संघाच्या कामकाजाचा. बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याचे नियम, कोरम, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव, एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा न उकरण्याचा नियम, हे सारे संघाला ठाऊक होते, असे त्यांनी देशापुढे ठेवले. पुढे हा देश ती पद्धत हरवून बसला, हेही त्यांनी बजावले.

बाबासाहेबांचे हे म्हणणे आम्ही अनेकदा अभिमानाने उद्धृत करतो. पण त्यांनी मोजून दाखवलेल्या या गोष्टी प्रत्यक्षात कशा चालत होत्या, हे पाहायचे असेल तर दुसऱ्या संगीतीकडे जावे लागते. तिथे यातल्या बहुतेक गोष्टी काम करताना दिसतात. आणि तिथले भांडण पैशाचे होते.

वैशाली : काशाचे भांडे आणि एकटा यश

महापरिनिर्वाणाला सुमारे शंभर वर्षे झाली होती. यश काकंडकपुत्र नावाचा भिक्खू फिरत फिरत वैशालीला आला. उपोसथाचा दिवस होता. तिथले वज्जिपुत्तक भिक्खू काशाच्या भांड्यात पाणी भरून ते मध्ये ठेवून बसले होते आणि येणाऱ्या उपासकांना सांगत होते की, संघाला कार्षापण द्या, अर्धा द्या, पाव द्या, निदान एक मासा तरी द्या. यशाने तिथेच उपासकांना सांगितले, देऊ नका, शाक्यपुत्रीय श्रमणांना सोने-रुपे चालत नाही. लोकांनी तरीही दिले. रात्री पैशाची वाटणी झाली आणि यशापुढे त्याचा हिस्सा ठेवला गेला. तो त्याने नाकारला.

मग सुरू झाला तो खेळ आम्हाला अनोळखी नाही. हिशेब विचारणाऱ्यावरच कारवाई! यशाने श्रद्धाळू उपासकांचा अपमान केला, असे ठरवून त्याला त्यांची क्षमा मागण्याची शिक्षा दिली गेली. नियमाप्रमाणे सोबत एक भिक्खू घेऊन यश उपासकांपुढे गेला. पण क्षमा मागण्याऐवजी त्याने तथागतांची वचने समोर ठेवली. चंद्र-सूर्याला जसे ढग, धुके, धूर आणि ग्रहण झाकून टाकते, तसे श्रमणांना मद्य, मैथुन, सोने-रुपे आणि मिथ्या उपजीविका झाकून टाकते. वैशालीच्या उपासकांनी हे ऐकले आणि निकाल दिला की, खरा शाक्यपुत्रीय श्रमण हा एकटाच आहे. त्यांनी यशाला वैशालीतच राहण्याची विनंती केली आणि त्याच्या चीवर-भोजनाची जबाबदारी घेतली. दुसऱ्या संगीतीची सुरुवात अशी उपासकांच्या जागेपणातून झाली, हे फार थोडे वक्ते सांगतात.

वज्जिपुत्तकांनी चिडून यशाला निलंबित करण्याचे ठरवले, तेव्हा तो कोसंबीला गेला. तिथून त्याने दोन दिशांना निरोप धाडले. एक पश्चिमेकडच्या पावेय्यक भिक्खूंना, दुसरा अवंती-दक्षिणापथाच्या भिक्खूंना. निरोप असा की, अधम्म बलवान होण्याआधी आणि धम्म दुर्बळ होण्याआधी या. अहोगंग पर्वतावर संभूत साणवासी थेरांकडे साठ पावेय्यक भिक्खू जमले, आणि चुल्लवग्ग सांगतो की, अवंती-दक्षिणापथातून अठ्ठ्याऐंशी भिक्खू आले. हा आकडा लक्षात ठेवावा. विनयाचा प्रश्न गंगेकाठचा होता आणि तो सोडवायला दक्षिणेच्या वाटेवरचे लोक सर्वांत मोठ्या संख्येने चालत गेले.

दुसऱ्या बाजूनेही हालचाल केली. वज्जिपुत्तकांनी विद्वान रेवत थेरांना आपल्या बाजूला ओढण्यासाठी पात्रे आणि चीवरे नेली. रेवतांनी ती परत केली. मग त्यांनी रेवतांचा सेवक उत्तर याला गाठले. पुष्कळ आग्रहानंतर त्याने एक चीवर घेतले आणि त्याच्याकडून एवढेच मागितले गेले की, बुद्ध पूर्वेच्या प्रांतांत जन्मतात, म्हणून पूर्वेचे भिक्खू धम्मवादी आहेत, असे त्याने संघात म्हणावे. पाहा, नियमाचा मुद्दा हरू लागला की प्रांताचा अभिमान पुढे येतो! विदर्भाचा नेता, मराठवाड्याचा नेता, मुंबईचा नेता, आमचा आणि त्यांचा, ही भाषा किती जुनी आहे! रेवतांनी उत्तराला तिथल्या तिथे दूर केले.

पुढचे दोन निर्णय फार महत्त्वाचे आहेत. रेवत म्हणाले की, हा वाद इथे बसून मिटवला तर तो पुन्हा उकरला जाईल. जिथे तो उपजला तिथेच जाऊन मिटवू. म्हणून सारा संघ वैशालीला गेला. तिथे सातशे भिक्खूंच्या सभेत चर्चा सुरू झाली, पण बोलणे वाढत गेले आणि कोणाच्या म्हणण्याचा अर्थ लागेना. तेव्हा ठराव करून आठ जणांची समिती नेमली : चार पूर्वेचे, चार पश्चिमेचे. भिक्खू होऊन दहा वर्षे झालेल्या अजिताला आसनव्यवस्थेचे काम दिले. वालिकारामात रेवतांनी एकेक मुद्दा विचारला आणि सर्वांत ज्येष्ठ सब्बकामींनी उत्तर दिले. शिंगात मीठ साठवणे चालेल काय? दुपार टळल्यावर सावली दोन बोटे सरकेपर्यंत जेवणे चालेल काय? असे दहा मुद्दे. दहावा मुद्दा सोन्या-रुप्याचा. दहाही अमान्य ठरले. आणि मग सब्बकामी म्हणाले की, हेच प्रश्न मला पुन्हा पूर्ण संघासमोर विचारा. समितीत लागलेला निकाल समितीपुरता राहिला नाही. सर्वांच्या देखत तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तीच उत्तरे पुन्हा दिली गेली.

महासांघिक परंपरा पुढच्या फुटीचे कारण वेगळे सांगते. त्यांच्या मते वाढीव नियम लादले गेले म्हणून संघ फुटला. हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. पण पैसा, हिशेब आणि सर्वांसमोर विचारणा या त्रिकोणाबद्दल वैशालीचा धडा त्यामुळे कमी होत नाही.

काळी माती आणि पाचाचा कोरम

आता आमच्या मुलखाकडे येऊ. हे अवंती-दक्षिणापथ म्हणजे कुठले? अवंती म्हणजे माळवा, उज्जयिनी. दक्षिण अवंतीचे मुख्य नगर माहिष्मती नर्मदेकाठी होते. तीच नर्मदा पुढे येऊन आज नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होते. सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य तथागतांच्या भेटीला निघतात, तेव्हा त्यांची वाट प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी अशी सांगितली आहे. पैठणहून माहिष्मतीला जायचे तर तापीचे खोरे ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा येथे १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीच्या थरांबरोबर उत्तरेकडची काळी चकाकीची मृद्भांडीही सापडली. गंगेच्या खोऱ्याशी या गावाचा संबंध होता, हे त्या खापरांनी सांगितले. विनयात नंदुरबारचे नाव आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या वाटेने दक्षिणापथ आणि मध्यदेश जोडले गेले, ती वाट या खानदेशातून गेली आहे.

याच दिशेच्या एका तरुणाची गोष्ट महावग्गात आहे. अवंतीच्या कुररघरात महाकच्चायन थेरांची सेवा करणारा सोण कुटिकण्ण याला भिक्खू व्हायचे होते. उपसंपदेला दहा भिक्खूंचा गण लागत असे. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे होते की, दहा जण गोळा करायला महाकच्चायनांना तीन वर्षे लागली! पुढे सोण श्रावस्तीला तथागतांच्या भेटीला गेला. पहाटे तथागतांनी त्याला धम्म म्हणायला सांगितले आणि त्याने अट्ठकवग्ग पूर्ण म्हणून दाखवला. तथागतांनी त्याच्या स्पष्ट वाणीची प्रशंसा केली. राजगृहाच्या संगीतीच्या कितीतरी आधी आमच्या दिशेचा एक माणूस खुद्द शास्त्यासमोर संगायन करून आला होता.

मग सोणाने गुरूंचा निरोप सांगितला. आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत. आमच्याकडची जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवून टणक झालेली आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याला ही जमीन कोणी समजावून सांगावी लागत नाही. चैत्रात शहाद्याच्या रानात अनवाणी चालून पाहावे. तथागतांनी हा निरोप ऐकला आणि मध्यदेशाबाहेरच्या सर्व सीमाभागांसाठी नियम सैल केले. जाड तळव्याची पायताणे चालतील. वरचेवर स्नान चालेल. चर्माची अंथरुणे चालतील. आणि उपसंपदेला दहांऐवजी पाच जण पुरतील, मात्र त्या पाचांत एक विनय जाणणारा हवा.

यातला मोठेपणा पाहा. सीमाभागातल्या माणसांना तथागतांनी हिणवले नाही, त्यांच्यासाठी कसोटीही खाली आणली नाही. जाणकार पाहिजेच. पण संख्या नाही म्हणून तुम्ही थांबा, असे त्यांनी म्हटले नाही. कोरम मातीप्रमाणे बदलला. एकेकाळी दहा जण जमायला तीन वर्षे लागणाऱ्या त्याच प्रदेशातून वैशालीच्या वादाच्या वेळी अठ्ठ्याऐंशी जण निघाले, हा त्या पाचाच्या सवलतीचा परिणाम आहे, असे आम्हाला वाटते.

पाटलिपुत्र ते रंगून

तिसऱ्या संगीतीची हकिकत सिंहली परंपरेत आहे. अशोकाच्या दानामुळे लाभासाठी अनेक जण भिक्खूवेष घेऊन विहारांत शिरले आणि पाटलिपुत्राच्या अशोकारामात सात वर्षे उपोसथ बंद पडला. राजाच्या एका अमात्याने तलवारीच्या जोरावर उपोसथ करवण्याचा प्रयत्न केला आणि भिक्खूंची हत्या झाली. सत्तेच्या जोरावर एकी होत नाही, हे अशोकाला त्या दिवशी कळले असावे. पुढे मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली एक हजार भिक्खूंची संगीती नऊ महिने चालली. त्यांचा ग्रंथ कथावत्थू हा प्रश्नोत्तरांचाच ग्रंथ आहे. तिथून धम्मदूत निघाले. महारट्ठाला महाधम्मरक्खित आले. अपरांताला योनक धम्मरक्खित आले, म्हणजे एक यवन भिक्खू कोकण किनाऱ्यावर धम्म सांगायला आला. महिसमंडलाला महादेव गेले. हे महिसमंडल म्हणजे नर्मदेकाठची माहिष्मती, असे काही अभ्यासक मानतात, काही म्हैसूर मानतात. सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आणि सांची परिसरातील स्तूपांतल्या अस्थिकरंडकांवर आढळलेली हिमवंताकडे गेलेल्या थेरांची नावे या धम्मदूतांच्या काळाला दगडाची साक्ष देतात.

अशोकाचे दोन लेख आम्हाला इथे विशेष महत्त्वाचे वाटतात. सारनाथच्या लेखात संघ फोडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणीला पांढरी वस्त्रे घालून विहाराबाहेर ठेवण्याची आज्ञा आहे. त्याच लेखात सांगितले आहे की, या आज्ञेची एक प्रत उपासकांजवळ ठेवावी आणि उपासकांनी दर उपोसथाला येऊन ती समजून घ्यावी. दुसरा लेख भाब्रूचा. त्यात अशोक सात धम्मग्रंथांची नावे देतो आणि ते भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका या चौघांनी वारंवार ऐकावे आणि त्यांवर विचार करावा, अशी इच्छा व्यक्त करतो. राजगृहाला ज्यांना आसन मिळाले नव्हते, त्या स्त्रियांचे नाव अशोकाने दगडात कोरले.

पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, श्रीलंकेच्या आलुविहारात त्रिपिटक ताडपत्रावर उतरले. काश्मीरमध्ये कनिष्काच्या काळात आणखी एक संगीती झाली. मंडालेला राजा मिंडोनच्या काळात १८७१ मध्ये पाचवी संगीती झाली. त्या काळी कोरलेल्या त्रिपिटकाच्या ७२९ संगमरवरी शिळा आजही कुथोडॉ विहारात उभ्या आहेत. सहावी संगीती रंगूनला १७ मे १९५४ रोजी सुरू झाली. ती चालू असतानाच, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. २४ मे १९५६ रोजी, अडीच हजाराव्या बुद्ध जयंतीला, ती संगीती संपली. त्याच दिवशी मुंबईत नरे पार्कवर बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेण्याचे जाहीर केले. रंगूनला ग्रंथाचे संगायन पूर्ण झाले आणि नागपूरला माणसांचे सुरू झाले.

आता पोथीची अडचणही राहिलेली नाही. भिक्खू जगदीश काश्यपांच्या संपादनाखाली नालंदेने देवनागरीत त्रिपिटकाचे ४१ खंड छापले. रंगूनच्या संगीतीचा पाठ इगतपुरीहून देवनागरीतच १४० खंडांत निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. ग्रंथ आहे, लिपी ओळखीची आहे, दर्जाही मिळाला. वाचायला बसायचे कोणी, एवढाच प्रश्न उरला आहे.

आणि कसे वाचायचे, हेही बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दाखवले की, तथागत हयात असतानाही त्यांच्या वचनांचा विपर्यास झाल्याची उदाहरणे सुत्तांत आहेत. म्हणून जे विवेकाला आणि तर्काला धरून आहे, जे माणसाच्या कल्याणाचे आहे, तेच बुद्धवचन समजावे, अशी कसोटी त्यांनी दिली. महाकस्सपांनी उपालीला प्रश्न विचारले, बाबासाहेबांनी ते खुद्द ग्रंथाला विचारले.

नंदुरबारसाठी

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के. बौद्ध कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, कुठे दहा घरे तर कुठे नोकरीनिमित्त आलेली दोन-चार घरे. आपण थोडे आहोत, आपल्याकडे मोठा विहार नाही, मोठा नेता येत नाही, अशी खंत इथे वारंवार ऐकू येते. या खंतीचे उत्तर सोण कुटिकण्णाच्या गोष्टीत आहे. उपसंपदेचा तो नियम भिक्खू संघापुरता आहे हे खरे, पण त्यामागचे तत्त्व आमचेही आहे. सीमाभागात पाच पुरतात, अट एकच की एक जण वाचून आलेला असावा.

दर पौर्णिमेला पाच जणांनी बसावे. त्यांत निदान दोन महिला असाव्यात. अडीच हजार वर्षांची बाकी थोडी तरी फिटेल. वर्षावासात ग्रंथ वाचणाऱ्या आमच्या माता-भगिनी वस्तीवस्तीत आहेतच, त्यांना ऐकणाऱ्यांच्या रांगेतून उठवून विचारणाऱ्याच्या आसनावर बसवावे. एक प्रकरण वाचावे. मग महाकस्सपांसारखे विचारावे : हे कुठे सांगितले? कोणाला? का सांगितले? माझ्या गावात त्याचे काय करायचे? उत्तर येत नसेल तर तसे लिहून ठेवावे आणि पुढच्या पौर्णिमेला शोधून आणावे. मत जुळले नाही तर पुराण थेरांचे जसे नोंदले गेले तसे तेही नोंदवावे.

हे बोलणे आपल्या बोलीत व्हावे. तथागतांची वाणी वैदिक छंदात घालू पाहणाऱ्या दोन भिक्खूंना त्यांनी नकार दिला होता आणि ज्याने त्याने आपल्या भाषेत ती शिकावी असे सांगितले होते. इथे ती भाषा अहिराणी आहे, पावरी आहे, मावची आहे, देहवाली आहे. शेजारच्या आदिवासी बांधवावर काही लादण्याचा यात हेतू नाही. त्याचा देव, त्याचा डोंगर, त्याची होळी त्याची आहे. पण तो कुतूहलाने ओट्यावर येऊन बसला तर त्याला कळेल अशा शब्दांत आम्हाला पंचशील सांगता येते काय, ही आमची परीक्षा आहे.

आणि पैशाचा हिशेब. वर्गणी, देणगी, विहार निधी, परिषद निधी यांची जमा-खर्चाची वही त्याच पौर्णिमेला सर्वांसमोर वाचावी. ज्याने प्रश्न विचारला त्याला फुटीर ठरवू नये. वैशालीत काशाच्या भांड्याकडे बोट दाखवणारा एकटाच होता आणि संघ वाचला तो त्याच्यामुळे. वाद उपजला तर तो मुंबईच्या कार्यालयात किंवा मोबाइलच्या गटावर नेऊ नये, जिथे उपजला तिथेच, त्याच वस्तीत, दोन्ही बाजूंची सारखी माणसे बसवून मिटवावा. आणि मिटला की पुन्हा उकरू नये.

धम्म परिषदा बंद कराव्यात, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. हजारो माणसे निळ्या झेंड्याखाली एकत्र आली की धीर येतो, आणि या जिल्ह्यात धीराची गरज आहे. पण येत्या परिषदेच्या पत्रिकेत एक बदल करून पाहावा. सत्कारांचा तास काढून टाकावा आणि तिथे लिहावे : श्रोत्यांचे प्रश्न. पहिल्या वर्षी कदाचित पाचच जण उठतील. काळ्या मातीच्या या मुलखात पाच जण पुरतात, हा निकाल खुद्द तथागतांनी देऊन ठेवला आहे.